अनुभव धागा: फिमाई, नांग रोंग, चंपासाक… ख्मेर देवळांजवळच्या छोट्या गावांत राहिलेल्यांनी लिहा

धागाकर्ती, अंबरनाथ

नमस्कार मंडळी,

अंगकोर वाटबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. मला ऐकायचंय ते त्याच्या पलीकडचं. ख्मेर राजांची सत्ता आजच्या कंबोडियापुरती कधीच नव्हती. ईशान्य थायलंडचा इसान भाग आणि दक्षिण लाओसही त्यात होते. तिथे अजून भातखाचरांच्या कडेला, डोंगराच्या माथ्यावर, कुठे चक्क बाजारपेठेच्या टोकाला हजार-नऊशे वर्षांची दगडी देवळं उभी आहेत. बहुतेक सहली तिथे दुपारी येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत मोठ्या शहरात परततात. माझं ठाम मत आहे की शेजारच्या गावात रात्रीचा मुक्काम केल्याशिवाय ही देवळं कळत नाहीत. म्हणून हा धागा. कुठे राहिलात, काय खाल्लंत, गावातली माणसं देवळाशी कशी वागतात, सगळं लिहा.

सुरुवात माझ्या फिमाईपासून करते.

फिमाई हे नाखोन राचसिमा प्रांतातलं तालुक्याचं गाव. या प्रांताच्या मुख्य शहराला सगळे कोराट म्हणतात. तिथून ईशान्येला साधारण साठ किलोमीटरवर. गाव अजूनही जुन्या ख्मेर नगराच्या तटाच्या चौकटीतच वसलेलं आहे, सुमारे एक किलोमीटर लांब आणि अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त रुंद. दक्षिणेला ‘प्रतू चाय’ नावाची दगडी वेस आहे. वेशीतून आत आलं की सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, शाळेतून परतणारी मुलं, आणि रस्ता संपतो तिथे देऊळ. आपण पाहुणे म्हणून नऊशे वर्षांपूर्वीच्या नगररचनेतच चालत असतो, हे मला तिथे पोचल्यावर हळूहळू लक्षात आलं.

ख्मेर देवळं सहसा पूर्वाभिमुख असतात. फिमाईचं देऊळ दक्षिणेकडे, थोडं आग्नेयेला कललेलं आहे. ख्मेर राजधानी अंगकोर त्याच दिशेला आहे. तिथून इथवर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा राजमार्ग होता. सातव्या जयवर्मन राजाच्या, अंगकोरच्या प्रेआ खान देवळातल्या शिलालेखात वाटेवरच्या १२१ ‘वह्निगृहां’चा उल्लेख आहे, म्हणजे वाटसरूंना निवारा आणि विस्तव मिळेल अशा जागा. त्यांतली सतरा या एका रस्त्यावर होती. शिलालेखात गावाचं नाव ‘विमायपुर’ असं आहे.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट दक्षिणेच्या गोपुरात आहे. तिथल्या दगडावर शके १०३० कोरलंय. आपल्या पंचांगातलंच शालिवाहन शक, म्हणजे इसवी सन ११०८. आमच्या अंबरनाथच्या देवळातल्या शिलालेखात शके ९८२ आहे. पन्नासेक वर्षांच्या अंतराने दोन्हीकडचे लेखक एकाच कालगणनेत वर्ष मोजत होते. लहानपणापासून ज्या देवळाच्या पायऱ्यांवर खेळले, त्याचा समकालीन इतक्या लांब उभा आहे, या जाणिवेने मी त्या दगडापाशी बराच वेळ थांबले.

देऊळ मुळात महायान बौद्ध आहे. गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या दारांवर बुद्ध आणि वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथातल्या देवता आहेत. बाहेर मात्र रामायण: नागपाशात बांधलेले राम-लक्ष्मण, वानरसेना. दक्षिणेच्या दर्शनी भागावर नाचणारा शिव. हे सगळं एकाच इमारतीवर, एकमेकांच्या शेजारी. मुख्य शिखर पांढुरक्या वालुकाश्माचं, २८ मीटर उंच. आवारातली दोन छोटी शिखरं, त्यांतलं एक तांबड्या वालुकाश्माचं आणि दुसरं आपल्या कोकणातल्यासारख्या जांभ्याचं. १९६० च्या दशकात थायलंडच्या ललितकला विभागाने फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने ढासळलेले दगड पुन्हा एकावर एक रचून देऊळ उभं केलं, आणि १९८९ मध्ये हा परिसर ऐतिहासिक उद्यान म्हणून खुला झाला.

गावातलं राष्ट्रीय संग्रहालय कुणी चुकवू नका. सातव्या जयवर्मनचा म्हणून ओळखला जाणारा दगडी पुतळा तिथे आहे. मांडी घालून बसलेला, डोळे मिटलेले, हात तुटलेले. राजाची मूर्ती असून अंगावर एकही दागिना नाही.

आता तुम्ही लिहा.

बँकॉक

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी नोकरीनिमित्त इथे राहते आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला फिमाईला पाठवते. जायचं कसं, हे लिहिते म्हणजे इतरांना उपयोग होईल.

बँकॉकहून कोराटला बस किंवा रेल्वे. लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या २०२३ पासून बँकॉकच्या नव्या मोठ्या टर्मिनसवरून सुटतात, तेव्हा जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकावर जाऊन उभे राहू नका. कोराटच्या दुसऱ्या क्रमांकाच्या बस स्थानकावरून फिमाईच्या गाड्या सुटतात. तास-दीड तास लागतो. गावात गेल्यावर सगळं पायी किंवा सायकलने होतं.

शाकाहाऱ्यांसाठी: ‘जे’ हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला दिसतो. जे म्हणजे कांदा-लसूणही नसलेलं जेवण. ते मिळालं नाही तर ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी घालू नका, एवढं तरी सांगता यायला हवं. इसानमध्ये पपईच्या कोशिंबिरीतही ते असतं. गावाचा खास पदार्थ म्हणजे ‘फात मी फिमाई’, तांदळाच्या सुक्या शेवया परतून. सांगितलं तर अंड्याशिवाय, नुसत्या भाज्या घालून करून देतात. सोबत बांबूच्या छोट्या टोपलीत चिकट भात येतो, तो हाताने गोळा करून खायचा.

गावाबाहेर मून नदीच्या काठी ‘साय न्गाम’ आहे. एकाच झाडाच्या पारंब्यांनी पसरलेली वडाच्या जातीची राई, साडेतीनशे वर्षांची मानतात. मधून वाटा काढल्यात, खाली नदीचं पाणी. रविवारी गावातली कुटुंबं डबे घेऊन येतात. आत छोटं देवघर आहे, लोक उदबत्ती लावतात, फुलांचे हार घालतात. सासूबाई तिथे पोचल्याबरोबर खोडाला हात लावून नमस्कार करून आल्या. शेजारच्या थाई आजींनी त्यांना उदबत्त्या दिल्या, आणि दोघी एकमेकींच्या भाषेचा एक शब्द न कळता बराच वेळ बोलत बसल्या.

नोव्हेंबरात फिमाईचा उत्सव असतो, नदीत लांब होड्यांच्या शर्यती होतात. तेव्हा खोल्या आधीपासून बघा.

नाशिक

मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. माझा अनुभव नांग रोंगचा. बुरीराम प्रांतातलं हे छोटं गाव, तिथून फनोम रुंगला जातात. फनोम रुंग हा विझलेला ज्वालामुखी आहे, सपाट भातशेतीतून एकदम वर आलेला, आणि माथ्यावर शंकराचं देऊळ. मुख्य देऊळ बाराव्या शतकातलं. नरेंद्रादित्य नावाच्या राजकुळातल्या पुरुषाने ते उभारलं आणि नंतर तो तिथेच तपस्वी होऊन राहिला. त्याचा मुलगा हिरण्य याने वडिलांबद्दलचा संस्कृत शिलालेख कोरवून घेतला. मुलाने बापावर लिहिलेल्या संस्कृत श्लोकांसाठी इतक्या लांब जावं, असं मला फार वर्षं वाटत होतं.

चढणीची रचनाच अशी आहे की माणूस आपोआप सावकाश होतो. आधी १६० मीटर लांबीचा फरसबंद मार्ग, दोन्ही कडांना कमळकळीच्या आकाराचे दगडी खांब. मग पाच फण्यांच्या नागांचा पूल. मग पायऱ्या, पुन्हा नाग, आणि मग पूर्वेचं दार. दारावर दशभुज नटराज, आणि त्याच्याखाली शेषशायी विष्णू.

त्या विष्णूची कथा सगळ्यांना ठाऊक असायला हवी. तो कोरलेली दारावरची दगडी ललाटपट्टी १९६० च्या दशकात इथून चोरीला गेली. पुढे ती अमेरिकेत, शिकागोच्या कलासंग्रहालयात लावलेली आढळली. थायलंडमध्ये विद्यार्थी, शिक्षक, सामान्य माणसं, सगळ्यांनी ती परत मागितली, आणि १९८८ मध्ये ती परत येऊन आपल्या दारावर बसली. नांग रोंगच्या आमच्या गेस्टहाऊसच्या मालकिणीने हे सगळं अशा अभिमानाने सांगितलं की जणू घरचा माणूस परत आला. मला तो अभिमान अगदी योग्य वाटला. आपल्या किती गावांतल्या मूर्ती अजून परदेशात आहेत, हा विचार तिथे टाळता येत नाही.

गाभाऱ्यातून अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ आहे, सोमसूत्र. आपण शंकराच्या देवळात ती ओलांडत नाही, तिथवर जाऊन परत फिरतो. माझी पावलं तिथेही आपसूक थांबली आणि मी उलट फिरलो. सोबतच्या वाटाड्याने कारण विचारलं. सांगितल्यावर त्याने वहीत टिपून घेतलं.

देवळाची पंधरा दारं एका रेषेत आहेत. एप्रिल आणि सप्टेंबरात ठरावीक दिवशी उगवता सूर्य त्या सगळ्यांतून आरपार दिसतो, मार्च आणि ऑक्टोबरात मावळता. एप्रिलमध्ये जत्रा भरते, पहाटे डोंगर माणसांनी फुलतो. मी गेलो ते एका साध्या मंगळवारी. दारं मोजत, एकेक शिल्प बघत बसायला तो दिवस चांगला होता.

पायथ्याशी सात-आठ किलोमीटरवर मुआंग तामचं देऊळ आहे. तिथे गर्दी नसते. आवारात काटकोनात वळणारी चार कुंडं, त्यांच्या काठावर नागांची अंगं पसरलेली, पाण्यात कमळं. एका दारावर गोवर्धन उचललेला कृष्ण. शेजारी ख्मेर काळातला मोठा तलाव आहे, त्याच्या काठावर गाव, आणि गावातली माणसं आजही त्या तलावाचं पाणी वापरतात. संध्याकाळी बायका तिथे रेशमी सुताच्या लडी वाळत घालत होत्या.

ठाणे

नाशिकच्या सरांचं लिहिणं वाचून लगेच नकाशा उघडला. माझी भर छोटी. बँकॉकच्या उत्तरेला लोपबुरीत, रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर ‘फ्रा प्रांग साम योत’ आहे. जांभ्याची तीन शिखरं, सातव्या जयवर्मनच्या काळातली, चहूबाजूंनी रहदारी. माकडांसाठी गाव प्रसिद्ध होतं, पण त्यांचा त्रास इतका वाढला की २०२४ पासून प्रशासनाने मोठ्या संख्येने पकडून हलवली. दुकानदार सुटकेचा श्वास टाकत होते आणि त्याच दमात हळहळतही होते. ज्यांना इसानपर्यंत जायला वेळ नाही त्यांनी इथे उतरावं.

नागपूर

मी स्थापत्य अभियंता. माझं गाव चंपासाक, दक्षिण लाओस.

पाक्से शहराहून मेकाँग नदीच्या काठाने दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटर. चंपासाक म्हणजे नदीला समांतर एकच लांब रस्ता. फ्रेंच काळातली काही घरं, बौद्ध मठ, नदीवर काढलेले लाकडी सज्जे, आणि सकाळी भिक्खूंसाठी चिकट भात घेऊन दारात बसलेल्या बायका. संध्याकाळनंतर करण्यासारखं काही नाही. माझ्या बायकोला आणि मला नेमकं हेच हवं होतं.

वाट फू तिथून आठ-दहा किलोमीटर, सायकलने जाता येतं. मागचा डोंगर बघितल्याबरोबर ही जागा का निवडली ते कळतं. माथ्यावर नैसर्गिक शिवलिंगासारखा सुळका आहे, म्हणून प्राचीन काळी त्याला लिंगपर्वत म्हणत. कड्याखाली खडकातून पाझरणारं पाणी आहे. ख्मेर बांधणाऱ्यांनी ते दगडी पन्हळीने थेट गाभाऱ्यात आणलं, शिवलिंगावर अखंड अभिषेक व्हावा म्हणून. उंचसखल डोंगरावर गुरुत्वाकर्षणाचा इतका सुंदर उपयोग मी फार कमी ठिकाणी पाहिलाय. आज गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहेत. पाणी मात्र झरतंच आहे, आणि गावकरी ते पवित्र मानून डोक्यावर घेतात, बाटलीत भरून नेतात. वरच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चाफ्याची जुनी झाडं. देवळामागच्या खडकावर त्रिमूर्ती कोरलेली आहे, ती बघायला थोडं फिरून जावं लागतं.

पाचव्या शतकातला देवानीक राजाचा संस्कृत शिलालेख याच परिसरात सापडला. त्याने इथे एक तीर्थ स्थापलं आणि त्याला नाव दिलं कुरुक्षेत्र. म्हणजे अंगकोर उभं राहण्याच्या कित्येक शतकं आधी मेकाँगच्या काठी महाभारत पोचलेलं होतं. २००१ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे, आणि आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही इथे जतनाचं काम केलंय. कामाची पाटी दिसली तेव्हा उर भरून आला, खोटं कशाला सांगू.

फेब्रुवारीच्या सुमारास माघी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. आम्ही त्यानंतर गेलो. पायऱ्यांवर ठिकठिकाणी केळीच्या पानांचे द्रोण आणि झेंडूची फुलं अजून होती.

कोल्हापूर

कंबोडियातलं काँपोंग थोम. फ्नोम पेन्ह ते सिएम रीप या महामार्गावर साधारण मध्यावर, सेन नदीकाठी. बहुतेक गाड्या इथे जेवायला थांबतात आणि पुढे जातात. आम्ही उतरलो ते संबोर प्रेई कुकसाठी.

हे अंगकोरच्याही आधीचं. सातव्या शतकातला राजा ईशानवर्मन, त्याची राजधानी ईशानपुर. दक्षिणेत पुलकेशी राज्य करत होता तोच काळ. ह्युएन त्सांगने आपल्या महाराष्ट्राचं वर्णन केलंय, आणि त्याच प्रवासवृत्तात पूर्वेकडच्या ऐकलेल्या देशांत ईशानपुराचंही नाव येतं. देवळं विटांची, त्यांतली काही अष्टकोनी. भिंतींवर विटांतच कोरलेले छोटे प्रासाद, आत माणसं, खालून पंखवाले प्राणी त्यांना उचलून धरतायत. एक शिखर तर झाडाच्या मुळांनी पूर्ण कवटाळलंय. २०१७ मध्ये जागतिक वारशात आलं.

झाडीत गोल खड्डे दिसतात. अमेरिकेच्या बाँबफेकीतले. वाटाडी गावातलीच तरुण मुलगी होती. देवळाची माहिती सांगताना जो आवाज होता त्याच आवाजात तिने खड्डेही दाखवले आणि आजोबांनी सांगितलेलं सांगितलं. ते ऐकताना आम्ही सगळे गप्प झालो. स्थानिक वाटाड्याच घ्या. पैसे गावात राहतात, आणि ही माहिती दुसरं कोणी देणार नाही.

पुणे

कोल्हापूरकरांना दुजोरा. बांतेय छ्मार या कंबोडियाच्या वायव्य टोकाच्या गावात आम्ही गावकऱ्यांच्या घरी राहिलो. खांबांवर उभं लाकडी घर, मच्छरदाणी, रात्री बेडकांचा आवाज, सकाळी काकूंनी केलेली भाताची पेज. राहणं, जेवण, वाटाडे, सगळं गावाची समिती बघते आणि पाळीपाळीने घरं देते.

देऊळ सातव्या जयवर्मनचं, प्रचंड मोठं आणि बरंचसं ढासळलेलं. पश्चिमेच्या भिंतीवर अनेक हातांचा लोकेश्वर बोधिसत्त्व उभा आहे. अशा आठ मूर्ती होत्या, जागेवर दोनच उरल्या. १९९८ च्या सुमारास भिंतीचा मोठा भाग यंत्रं लावून कापून नेला. एक ट्रक थायलंडमध्ये पकडला गेला, त्यातले ११७ दगड परत आले आणि आता फ्नोम पेन्हच्या संग्रहालयात आहेत. भिंतीची ती रिकामी जागा डोळ्यांनी बघितली आणि फार राग आला. अजूनही येतो. गावाला देवळातून उत्पन्न मिळालं तर गावच राखण करतं, हे इथे दिसतं. म्हणून जिथे गावकरी पाहुणे ठेवतात तिथे आवर्जून राहावं.

सातारा

सगळ्यांचे अनुभव वाचून जायचं नक्की केलंय. दोन शंका. आई-बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. आणि सीमेवरच्या बातम्या वाचून भीती वाटते.

बँकॉक

दादा, आई-बाबांसाठी फिमाई सगळ्यात सोपं. सपाट आवार, सावली, आणि हॉटेलपासून देऊळ चालण्याच्या अंतरावर. मुआंग तामही सपाट आहे. फनोम रुंगला पूर्वेच्या मुख्य पायऱ्या टाळून डोंगरावर पश्चिमेच्या बाजूने गाडी वर जाते, तिकडून चढ बराच कमी. वाट फूच्या वरच्या पायऱ्या मात्र उंच आणि झिजलेल्या आहेत. आईंना खालच्या इमारती आणि तलावापर्यंतच न्या.

सीमेचं गांभीर्याने घ्या. २०२५ च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया यांच्यात पाच दिवस लढाई झाली, सीमेलगतच्या गावांतली माणसं घरं सोडून गेली, आणि जमिनीवरची नाकी त्याआधीच बंद झाली होती. ता मुएन थोम आणि प्रेआ विहेआर ही देवळं अगदी सीमेवरच आहेत, तिकडे सध्या जायचं मनात आणू नका. बांतेय छ्मारही सीमेपासून जवळ आहे, तेव्हा निघण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा. एका देशातून दुसऱ्यात रस्त्याने जाण्याचा बेत आखू नका, थायलंड आणि कंबोडिया वेगवेगळे करा. फिमाई सीमेपासून बरंच आत आहे.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये इसानची उन्हं विदर्भाच्या तोडीची असतात, सत्तरीच्या माणसांना सोसणार नाहीत. तारखा ठरल्या की इथेच लिहा, कोराटला गाडी करून देणारे ओळखीचे आहेत, मी बोलून ठेवते.